क्रोममधून फायरफॉक्सकडे जायचे आहे: वाचनखुणा, पासवर्ड आणि मराठी टंकलेखन यांची व्यवस्था कशी लावावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी एकच संगणक आहे आणि तो चार जण वापरतात: मी, माझे यजमान, दहावीत शिकणारी मुलगी आणि एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई. संगणक २०१६ साली घेतलेला आहे, त्यावर विंडोज १० आहे आणि मेमरी ८ जीबी आहे. पहिल्या दिवसापासून आम्ही क्रोम हाच ब्राउझर वापरत आलो आणि त्याबद्दल माझी कधी मोठी तक्रारही नव्हती. आता मात्र दोन कारणांमुळे तो बदलावा असे मनाने घेतले आहे.

पहिले कारण असे, की जाहिराती अडवण्यासाठी मी कित्येक वर्षे वापरत असलेले यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा पूरक प्रोग्रॅम) क्रोमने बंद केले आणि ते आता चालणार नाही असा संदेश दाखवला. दुसरे कारण सासूबाईंचे आहे. त्या रोज सकाळी दोन-तीन मराठी वृत्तपत्रे संगणकावर वाचतात. गेल्या महिन्यात पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे’ अशा अर्थाच्या सूचना एकामागून एक येऊ लागल्या आणि त्या इतक्या घाबरल्या, की त्यांनी संगणकाचे बटण बंद करून वायरच काढून ठेवली. मुलीने शोधून काढले तेव्हा कळले, की कुठल्याशा संकेतस्थळाने मागितलेली सूचना पाठवण्याची परवानगी त्यांच्याकडून नकळत दिली गेली होती. त्यानंतर बरेच दिवस त्या संगणकाजवळ फिरकल्या नाहीत. त्यांचे वाचन असे भीतीने थांबावे, हे मला सहन होत नाही.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. गेल्या बारा वर्षांत मी अकराशेहून अधिक वाचनखुणा (बुकमार्क) जमवल्या आहेत. त्यांत दुर्मीळ पुस्तकांच्या स्कॅन प्रती आहेत, जुन्या नियतकालिकांचे अंक आहेत, विश्वकोशातील नोंदी आहेत, आणि हे सारे विषयवार कप्प्यांत लावलेले आहे. हा संग्रह विस्कटला तर तो पुन्हा उभा करणे मला शक्य होणार नाही. याशिवाय शंभराच्या आसपास पासवर्ड क्रोममध्येच साठवलेले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मला आठवतही नाहीत.

मराठी लिहिण्यासाठी मी क्रोममधील गूगल इनपुट टूल्स हे एक्स्टेन्शन वापरते. ते फायरफॉक्समध्ये मिळत नाही असे दिसते. मग तिथे मराठी कसे लिहावे? यजमान आमच्या गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार आहेत आणि काही सरकारी कामांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरतात. ते नव्या ब्राउझरमध्ये चालेल का? आणि मुळात दोन ब्राउझर एकाच वेळी संगणकावर ठेवले तर काही बिघडते का? ज्यांनी स्वतः असा बदल केला आहे, त्यांनी कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे हे सविस्तर सांगितल्यास फार उपकार होतील.

पहिला प्रतिसाद

नमस्कार. तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्या उत्तराने बाकीची काळजी निम्मी होईल. दोन काय, चार ब्राउझरही एका संगणकावर सुखाने नांदतात. एकाच्या वाचनखुणा आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती आपोआप जात नाहीत. म्हणून फायरफॉक्स आणा, पण क्रोम निदान महिनाभर काढू नका. बिऱ्हाड हलवताना जुन्या घराची किल्ली लगेच परत करत नाहीत, तसेच हे आहे.

ब्राउझर बदलण्याचे तुमचे पहिले कारण रास्त आहे. मात्र त्यामागे काय घडले हे समजून घेतले तर निवड करणे सोपे जाईल. एक्स्टेन्शनने ब्राउझरशी कसे वागावे याचे नियम ‘मॅनिफेस्ट’ नावाच्या आराखड्यात ठरलेले असतात. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत पानाकडून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनला आधी दिसत असे, आणि ती जाऊ द्यायची की अडवायची हे ते स्वतः त्या क्षणी ठरवत असे. तिसऱ्या आवृत्तीत एक्स्टेन्शनने आपल्या नियमांची यादी ब्राउझरच्या हवाली करायची असते आणि निर्णय ब्राउझर घेतो. गूगलने यासाठी सुरक्षितता आणि वेग ही कारणे दिली आहेत आणि ती अगदीच निराधार नाहीत, कारण प्रत्येक मागणी पाहू शकणारे एक्स्टेन्शन वाईट हातांत गेले तर मोठे नुकसान करू शकते. परंतु बारकाईने गाळणी करणारी साधने यात दुबळी झाली. क्रोमने जून २०२४ पासून जुनी आवृत्ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये ती सगळ्यांसाठी बंद झाली. यूब्लॉक ओरिजिन लाइट ही नव्या नियमांत बसणारी धाकटी आवृत्ती क्रोमवर चालते, पण तिची धाव तेवढीच आहे. फायरफॉक्सने मात्र जुनी पद्धत कायम ठेवली आहे, त्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालते.

आता प्रत्यक्ष काम. फायरफॉक्स मोझिलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच उतरवून घ्या. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर जी जाहिरात दिसते तिच्यावर विसंबू नका, कारण हुबेहूब दिसणारी खोटी पाने तिथे सापडतात.

वाचनखुणांच्या बाबतीत मी दुहेरी बंदोबस्त सुचवतो. आधी क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही बटणे एकत्र दाबून वाचनखुणांचे पान उघडा आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतून त्या सर्व एका एचटीएमएल फाइलमध्ये निर्यात करा. ही फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडता येते, म्हणून पुढे काहीही झाले तरी तुमचा संग्रह हातचा जाणार नाही. त्यानंतर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधील ‘जनरल’ या भागात ‘इंपोर्ट ब्राउझर डेटा’ असे बटण आहे, ते वापरा. कप्प्यांची रचना जशीच्या तशी येते. फक्त सगळे ‘फ्रॉम गूगल क्रोम’ अशा एका मोठ्या कप्प्यात आलेले दिसेल, ते तिथून बाहेर काढून लावावे लागेल.

ग्रंथालयात काम करणाऱ्या व्यक्तीला आवडेल अशी एक सोय इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. क्रोममध्ये वाचनखूण एका कप्प्यात गेली की गेली. फायरफॉक्समध्ये मात्र तिला हवे तितके टॅग जोडता येतात, म्हणजे एकच स्कॅन प्रत ‘चरित्र’, ‘एकोणिसावे शतक’ आणि ‘पुणे’ अशा तिन्ही शीर्षकांखाली सापडते. पत्त्याच्या चौकटीत तारकाचिन्ह, मग एक मोकळी जागा आणि पुढे शब्द लिहिला, तर शोध फक्त वाचनखुणांमध्येच घेतला जातो. तारकाचिन्हाच्या जागी अधिकचिन्ह लिहिले तर तो टॅगांमध्ये घेतला जातो. अकराशे नोंदींच्या संग्रहाला हे फार उपयोगी पडेल.

पासवर्डच्या बाबतीत मात्र सर्वाधिक दक्षता घ्यावी लागेल. क्रोमच्या पासवर्ड व्यवस्थापकाच्या सेटिंग्जमधून सर्व पासवर्ड एका सीएसव्ही फाइलमध्ये काढता येतात, आणि फायरफॉक्सच्या पासवर्डच्या पानावरील तीन ठिपक्यांच्या मेनूतून ती फाइल आत घेता येते. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण त्या फाइलमध्ये तुमचे शंभर पासवर्ड साध्या अक्षरांत, कोणालाही वाचता येतील असे लिहिलेले असतात. म्हणून ती फाइल डेस्कटॉपवर ठेवू नका. अनेक संगणकांवर डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि तुमच्या नकळत फाइलची एक प्रत इंटरनेटवर जाऊन बसते. ती ईमेलने स्वतःलाही पाठवू नका. आयात झाली, दहा-बारा पासवर्ड तपासून पाहिले, की लगेच शिफ्ट दाबून डिलीट करा म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही उरणार नाही.

यानंतर फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवा. तुमचा संगणक चौघांचा आहे, त्यामुळे तो नसेल तर संगणकासमोर बसणाऱ्या कोणालाही सगळे पासवर्ड पाहता येतील. हा मुख्य पासवर्ड विसरला तर परत मिळवण्याचा मार्ग नाही, म्हणून तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. घरच्या माणसांसाठी कागद आणि कपाट ही जुनी पद्धत आजही उत्तम आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

एक चूक माझ्या हातून झाली होती, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. सगळे नीट चालू झाल्यावर मी संगणकावरील क्रोममधले पासवर्ड पुसून टाकले, पण तिथे सिंक, म्हणजे सर्व उपकरणांवरची माहिती एकसारखी ठेवणारी सोय, चालू होते. परिणामी ते माझ्या खात्यातून आणि फोनमधूनही गेले, आणि त्याच संध्याकाळी मी प्रवासात असताना मला तिकिटाच्या खात्यात शिरता येईना. आधी सिंक बंद करा, फोनची व्यवस्था लावा आणि मगच जुने पुसा.

दुसरा प्रतिसाद

वरील सूचना उपयुक्त आहेत. परंतु सर्व कामे एकट्या फायरफॉक्सवर सोपवावीत हे मला पटत नाही, आणि ज्या गोष्टीचा उल्लेख झालेला नाही ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

आपला संगणक विंडोज १० वर आहे. या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ब्राउझर कितीही अद्ययावत असला तरी खालची जमीन भुसभुशीत असेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सुधारणांची एक वर्षाची वाढीव योजना ठेवली आहे आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणकात प्रवेश करून सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावरून तीत नाव नोंदवता येते. हे काम ब्राउझर बदलण्याच्याही आधी करावे. २०१६ सालचा संगणक विंडोज ११ च्या प्रोसेसरविषयीच्या अटीत बसण्याची शक्यता नाही, त्यामुळे पुढील वर्षाचा विचार आतापासून करून ठेवलेला बरा.

डिजिटल स्वाक्षरीविषयी माझा अनुभव असा आहे, की टोकन ब्राउझरला थेट जोडलेले नसते. संगणकावर एक छोटा साहाय्यक प्रोग्रॅम बसवावा लागतो आणि ब्राउझर त्याच्याशी संवाद साधतो. त्या संवादासाठी लागणारे प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत बसवले जाते, तर फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रांची वेगळी यादी बाळगतो. काही संकेतस्थळांवर हे सुरळीत चालते, काहींवर कारण न सांगता अडते, आणि विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी अशा अडचणीत सापडणे फार क्लेशकारक असते. यजमानांचे काम एज (विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) किंवा क्रोममध्येच राहू द्यावे. एजमध्ये आणखी एक सोय आहे: इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला असला तरी, केवळ त्यातच चालणारी जुनी पाने एजमध्ये ‘आयई मोड’ने उघडता येतात. प्रत्येक पानासाठी ही मुभा तीस दिवस टिकते, त्यानंतर ती पुन्हा द्यावी लागते.

सासूबाईंसाठीही मी एजचाच विचार करावा असे सुचवीन. त्यातील ‘रीड अलाउड’ ही सोय मराठी मजकूर स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवते. तिच्यात आरोही आणि मनोहर असे स्त्री व पुरुष, दोन्ही मराठी आवाज आहेत. फक्त त्यासाठी इंटरनेटची जोडणी चालू असावी लागते. माझ्या आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर वाचन वर्ज्य होते. त्या काळात तिने सबंध अग्रलेख या आवाजात ऐकले आणि त्या काळातला तिचा एकटेपणा त्यामुळे पुष्कळ कमी झाला. वाढत्या वयात डोळे थकतात, त्यामुळे आज ना उद्या या सोयीची गरज पडेल.

जाहिराती अडवण्यापुरताच प्रश्न असेल तर ब्रेव्ह हाही पर्याय आहे. तो क्रोमच्याच पायावर, म्हणजे क्रोमियमवर उभा आहे, पण जाहिराती अडवण्याची यंत्रणा त्याच्या गाभ्यातच असल्यामुळे एक्स्टेन्शनच्या नियमांतील बदलाचा तिला फटका बसत नाही. त्यातील आभासी चलनाचे पाकीट आणि बक्षिसांची योजना यांची घरी गरज नसते. त्या दोन्ही सुरुवातीलाच लपवून टाकाव्यात.

तिसरा प्रतिसाद

मराठी टंकलेखनाबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून मी लिहिते.

मराठी लिहिण्याची सोय ब्राउझरच्या एक्स्टेन्शनवर अवलंबून ठेवणे हेच मुळात टाळावे, असे मी गेली अनेक वर्षे सर्वांना सांगत आले आहे. ब्राउझर बदलला की लेखणी हरवते, हे योग्य नाही. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून ‘मराठी फोनेटिक’ हा कळफलक विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ या भागात मराठी भाषा जोडा आणि तिच्या पर्यायांत हा कळफलक निवडा. इंग्रजी अक्षरांत शब्द लिहिला की खाली मराठी पर्याय दिसतात, म्हणजे तुमची सध्याची सवय मोडावी लागणार नाही. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल होते. ही सोय फायरफॉक्समध्ये चालते, एजमध्ये चालते आणि वर्डमध्येही चालते. इंटरनेट बंद असले तरी अडत नाही.

तुमचा मराठी मजकुराशी रोजचा संबंध आहे, तेव्हा सवड काढून इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक शिकावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उच्चारावरून लिहिणाऱ्या साधनांना ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र पुष्कळदा कळत नाही आणि ती ‘दर्या’ लिहून मोकळी होतात. दरीचे अनेकवचन आणि समुद्र यांत काही फरकच उरत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबले की ऱ उमटतो, मग डी दाबून पाय मोडायचा आणि पुढे य. पंधरा दिवस बोटे अडखळतात, नंतर मात्र विचार आणि अक्षर एकाच वेगाने चालतात.

फायरफॉक्सच्या बाजूने एक मोठी गोष्ट अशी, की त्यात देवनागरीसाठी स्वतंत्र फॉन्ट ठरवता येतो. सेटिंग्जमध्ये ‘फॉन्ट्स’ या भागात ‘अॅडव्हान्स्ड’ उघडले की वर लिपींची यादी आहे. तिथे देवनागरी निवडून फॉन्ट आणि त्याचा किमान आकार ठरवा. इंग्रजी अक्षरे जेवढ्या आकारात सहज वाचता येतात तेवढ्याच आकारात मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांची गर्दी होऊन देवनागरी अक्षर बारीक दिसते, त्यामुळे दोन लिपींना दोन आकार देता येणे ही केवळ शोभेची बाब नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये लिपीनुसार अशी विभागणी करता येत नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हा युनिकोड फॉन्ट बसवलात तर ल आणि श ही अक्षरे आपल्या मराठी वळणाने दिसतील. जी संकेतस्थळे स्वतःचा फॉन्ट लादतात तिथे मात्र ही निवड लागू होणार नाही. त्यांना मज्जाव करण्याचा पर्याय त्याच चौकटीत आहे, पण तो वापरला की अनेक पानांवरील चित्रचिन्हे बिघडतात, म्हणून मी तो वापरत नाही.

सासूबाईंच्या वाचनासाठी एफ ९ हे बटण लक्षात ठेवा. बातमी उघडल्यावर ते दाबले की फायरफॉक्स बाजूचा सगळा पसारा दूर करून केवळ मजकूर मोठ्या अक्षरांत मांडतो. आणि ज्या सूचनांनी त्या घाबरल्या त्यांचा कायमचा बंदोबस्त असा: सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘परमिशन्स’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’समोरचे बटण, आणि नव्या मागण्या अडवण्याची खूण. यानंतर कोणतेही संकेतस्थळ परवानगी मागूच शकणार नाही, त्यामुळे नकळत होकार जाण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक मनापासून सांगावेसे वाटते. जी छोटी मराठी संकेतस्थळे जाहिरातींच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालतात आणि वाचकांना त्रास देत नाहीत, त्यांच्यासाठी यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी देऊन अडवणूक बंद ठेवावी. मराठीत चांगले लिहिणाऱ्यांची संख्या आधीच थोडी आहे आणि ती टिकावी ही आपलीही गरज आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज अठरा दिवस झाले, तेव्हा काय केले आणि काय राहिले ते नोंदवते.

विंडोजच्या वाढीव सुरक्षा योजनेत संगणकाची नोंदणी आधी केली. ती गोष्ट मला ठाऊकच नव्हती. वाचनखुणांची एचटीएमएल फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवली आणि मगच आयात केली. क्रोममध्ये १,१४६ नोंदी होत्या आणि फायरफॉक्समध्येही तेवढ्याच आल्या. मी प्रत्येक कप्प्यातल्या नोंदी मोजून ताडून पाहिल्या, कारण वार्षिक साठा-पडताळणीची सवय सुटत नाही. पासवर्डची फाइल आयात होताच शिफ्ट धरून पुसली. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून तो कपाटात ठेवला आहे.

बँकेने पहिल्या वेळी हे अनोळखी उपकरण समजून जादा पडताळणी मागितली. ब्राउझर नवा असल्यामुळे असे होणे स्वाभाविक आहे हे कळल्यावर काळजी मिटली. यजमानांची डिजिटल स्वाक्षरी आम्ही एजमध्येच ठेवली आहे.

सासूबाईंसाठी विंडोजमध्ये वेगळे खाते उघडले. त्यात फायरफॉक्सचा दर्शनी आकार १३३ टक्के केला, यूब्लॉक बसवले आणि सूचनांच्या मागण्या बंद केल्या. एफ ९ च्या कळीवर मुलीने हिरव्या रंगाचा छोटा कागद चिकटवला आहे. पहिले दोन दिवस त्या माझ्याजवळ बसून वाचत होत्या, तिसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून आले तेव्हा त्यांनी एकट्यानेच दोन वृत्तपत्रे वाचून संपवली होती आणि एका अग्रलेखाविषयी माझ्याशी वाद घालण्याच्या तयारीत होत्या. दुपारी डोळे दमल्यावर एजमधील आरोहीचा आवाज ऐकतात. त्यामुळे आपण दिलेले दोन्ही सल्ले आमच्या घरी उपयोगी पडले आहेत.

तीन गोष्टी अजून अडल्या आहेत. एका सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरले, पैसे गेले, पण पावतीची खिडकी उघडलीच नाही. मुलगी ज्या संकेतस्थळावर शिकवणीचे व्हिडिओ पाहते, तिथे फायरफॉक्समध्ये पडदा काळा राहतो. आणि फायरफॉक्स हा मुख्य ब्राउझर ठरवला असूनही विंडोजच्या शोधचौकटीतून काही शोधले की पान एजमध्येच उघडते. शिवाय मी आता टॅग लावायला घेणार आहे. ते करताना काही सावधगिरी बाळगावी का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

सासूबाई पुन्हा वाचू लागल्या हे वाचून फार आनंद झाला.

पावतीची खिडकी फायरफॉक्सने पॉप-अप समजून अडवली असणार. अशा वेळी पानाच्या वरच्या बाजूला एक पट्टी दिसते. तिच्यातील पर्यायांमधून केवळ त्या संकेतस्थळाला पॉप-अपची परवानगी द्या, सरसकट सगळ्यांना देऊ नका. पैसे गेले असल्यास पुन्हा भरू नका. बहुतेक ठिकाणी जुन्या व्यवहारांच्या यादीतून पावती परत छापता येते, म्हणून आधी तिथे पाहा. तरीही अडले तर पत्त्याच्या डाव्या बाजूची ढाल उघडून त्या एका संकेतस्थळापुरते ट्रॅकिंग संरक्षण बंद करा आणि पान नव्याने उघडा.

काळा पडदा बहुधा चोरीपासून संरक्षित व्हिडिओंमुळे दिसत असावा. सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेन्ट’ यासमोर खूण आहे का ते पाहा. खूण केल्यावर लागणारा घटक फायरफॉक्स स्वतः उतरवून घेतो, त्याला मिनिटभर द्यावे लागते. खूण असूनही पडदा काळाच राहिला, तर त्या पानापुरते यूब्लॉक बंद करून पाहा.

शोधचौकटीचे दुवे एजमध्ये उघडणे ही विंडोजचीच रचना आहे आणि मुख्य ब्राउझर बदलला तरी भारतात ती बदलत नाही. शोध थेट फायरफॉक्सच्या पत्त्याच्या चौकटीतून घेण्याची सवय लावणे हाच सरळ उपाय आहे.

टॅग लावण्याआधी फायरफॉक्समध्येही कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबा, ‘इंपोर्ट अँड बॅकअप’ या मेनूतून ‘बॅकअप’ निवडा आणि मिळालेली जेसन फाइल तारखेसह जपून ठेवा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात असू द्या: त्याच मेनूतील ‘रिस्टोअर’ ही कृती जुनी प्रत सध्याच्या वाचनखुणांमध्ये मिसळत नाही, तर सध्याच्या सर्व काढून त्यांच्या जागी जुन्या ठेवते. म्हणून रोजचे काम संपले की नवी प्रत घ्या आणि रिस्टोअर करण्याची वेळ आलीच, तर सर्वांत अलीकडची तारीख पाहूनच करा.